दोन कांदे

अब्बा, सलाम.

फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. मी नाशकात बरी आहे, वेळेवर जेवते. डोळ्यांत थेंब घालता ना?

समाजकार्याच्या पदवीसाठी मुलाखत झाली. "हेच का?" विचारलं, तर पाठ केलेलं उत्तर आठवेना. मग अम्मी ज्या दवाखान्यात होती, तिथल्या ताईंचं सांगितलं. अम्मी गेली तेव्हा सगळे कागद त्यांनीच करून दिले. तुम्ही नामपूरहून त्यांच्यासाठी कांद्याची गोणी आणलीत, त्यांनी दोनच कांदे घेतले. लोकांना अशी मदत करणं हीच त्यांची नोकरी होती, हे आपल्याला कुठं ठाऊक होतं?

पहिल्याच वर्षी त्याच दवाखान्यात काम शिकायला पाठवतात म्हणे. प्रवेशाला याल तेव्हा आपण पंचवटीकडून लांबच्या रस्त्यानं जाऊ, तो दवाखाना लागणार नाही. मला मात्र रोज तिथंच जायचंय.

दुआ करा.
तुमची शाझिया