पप्पा कानाच्या बाजूला बघायचे

पप्पा, आज सुट्टी आहे, रूमवर कोणी नाही आणि मला एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा तसाच गार झाला. इकडे मस्कतला गोदामात खोक्यांवर नंबर टाकायचा जाड मार्कर असतो, त्याने पुठ्ठ्यावर लिहितोय. बारीक अक्षर आता दिसत नाही.

ताईला बघायला आलेले, तो दिवस सारखा डोक्यात येतोय. मोहने गावातली आपली खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, आई पोहे परततेय. तुम्ही मुलाला नोकरीचं विचारताय आणि बघताय त्याच्या कानाच्या बाजूला. तिथे नेमकी त्याची मावशी बसलेली. मुलाचा बाप तापला, "अहो, मुलगा इकडे आहे. आमच्या मेव्हणीकडे काय बघताय मघापासून?" तुम्ही एकदम साधेपणाने म्हणालात, "तिथे कोण बसलंय? मला तर भिंत दिसतेय." मावशी म्हणाली, "घ्या! मी भिंत झाले आता!" ताई आत ओढणीत तोंड खुपसून हसत होती. ते लोक परत आलेच नाहीत. आई रात्रभर धुसफुसली, "जरा सरळ बघता येत नाही का हो?" तुम्ही म्हणालात, "सरळच बघतोय गं."

खरंच सरळ बघत होतात. आता माझंही तेच झालंय. इथला डॉक्टर केरळचा, हिंदीत समजावतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग मरतो, कडेचा जिवंत राहतो. मग मेंदू बाजूची एक जागा पकडतो आणि तिथून बघायला शिकतो. हळूहळू त्याला तीच मधली जागा वाटते, आपल्याला पत्ताही नसतो. आणि जिथे दिसत नाही तिथे खड्डा दिसत नाही, आजूबाजूचा रंग ओढून तो जागा भरून टाकतो. म्हणून मावशीची भिंत झाली. मी विचारलं, "ये बाजू से देखना बाप से सीखा क्या?" तो म्हणाला, "बीमारी बाप से आयी. सीखा तेरे दिमाग ने."

कोलशेतची एक मुलगी आहे, ताईनेच जुळवलंय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, कुठे बघतोयस? बाजूला कोण बसलीय?" मी म्हणालो, "टीव्ही चालू आहे गं." रूमवर टीव्हीच नाही. तिच्या कानाच्या बाजूला बघितलं की ती हसताना दिसते, पप्पा. तोंडाकडे बघितलं की तोंडाच्या जागी तिच्या मागचा निळा पडदा. पुढच्या महिन्यात साखरपुडा. सांगितलं तर नाही म्हणेल. नाही सांगितलं तर सगळ्यांसमोर मी तिच्या मावशीकडे बघत बसणार.

फोन वाजतोय. तिचाच असेल, नाव वाचता येत नाही. खरं सांगू? हे तिलाच लिहायला बसलेलो, पुठ्ठ्याचा फोटो काढून पाठवणार होतो. पहिलाच शब्द 'पप्पा' पडला.