कवडीचं घमेलं

दि. १८ जानेवारी २०२६, रविवार
तांडा, फुलसावंगीजवळ

प्रिय बबलूभिया,

जय सेवालाल. इकडे बा, याडी आणि मी, आम्ही तिघंही बरी आहोत. तूही बरा असशील असं धरून लिहिते. पत्ता मैनाबाईच्या ऋतिककडून घेतला, तो तुझ्याच खोलीत राहतो म्हणून. त्याच्यावर रागावू नकोस. फोन केला की तू ‘कामावर आहे’ म्हणून ठेवतोस आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्या वेळात होत नाही.

मैनाबाईने मागच्या आठवड्यात मला एक प्रश्न विचारला. मी आपल्या कवडी घोडीसाठी जवस शिजवत होते. ती कुंपणापलीकडून म्हणाली, “काहून वं अंजू, हे मरू नाही म्हणून चारून राह्यली, का वरातीत जावी म्हणून चारून राह्यली?” मी जवस ढवळत राहिले. तो प्रश्न तुला नीट कळावा म्हणून सगळं लिहिते.

दिवाळीनंतर फुलसावंगीचे सदाशिवराव आपल्याकडे आले होते. त्यांच्या धाकट्या नातवाचं, गोपालचं, लग्न आठ फेब्रुवारीला आहे. मोठा नातू कवडीवर बसला होता, तर धाकटाही तिच्यावरच बसणार असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाने सुपारी घेतली. तुला माहीतच आहे, बा आगाऊ काही घेत नाही, फक्त सुपारी घेतो आणि देवाच्या कोनाड्यात ठेवतो. एकदा ठेवली की ठेवली. मी म्हटलं, तिला आता पंचविसावं लागलं आहे. बा म्हणाला, “थंडीत भरली तर जाईन, नाही भरली तर नाही. आंगावर मास दिसलं पाह्यजे.”

म्हणजे मी चारलं नाही तर ती थंडीत जाईल, आणि चांगलं चारलं तर वरातीत जाईल.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी तिच्या तोंडात हात घालून पाहिलं. मागच्या दाढा घासून सपाट झाल्या आहेत, एक पडलीच आहे. म्हणून ती कडबा चघळते आणि त्याचे गोळे करून खाली टाकते. पोटात काही जातच नाही. त्यांनी सांगितलं की कोरडं काही देऊ नका. सगळं भिजवून, मऊ करून, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पाणी कोमट, नाहीतर ती थंडीत पाणी कमी पिते आणि पोट धरतं. मी सगळं लिहून घेतलं. हरभऱ्याचा भरडा रात्रभर भिजवलेला, गव्हाचा कोंडा, बारीक कुट्टी भिजवून, शिजवलेलं जवस, वर थोडं मीठ.

तोबरा मी बंद केला. घोड्याने मान खाली घालून खावं, तोंडाला पिशवी बांधून नव्हे, असं मी वाचलं होतं. बा हसला. म्हणाला, “कॉलेजात घोडे होते का तुमच्या?” पण त्याने अडवलं नाही. मी मोठं घमेलं आणलं आणि तिच्यापुढे जमिनीवर ठेवायला लागले.

माझा दिवस असा असतो. पहाटे पाचला पहिलं घमेलं. नऊला दुसरं, सगळ्यांत मोठं. साडेनऊच्या जीपने मी शाळेवर जाते (फुलसावंगीच्या एका शाळेत तासावर विज्ञान शिकवते, याडीने सांगितलं असेलच). बा आणि याडी त्याआधीच शेतात गेलेले असतात. आल्यावर तिसरं, झोपण्यापूर्वी चौथं. रविवारी मीसुद्धा नऊचं घमेलं ठेवून कापूस वेचायला जाते. एक वही केली आहे. प्रत्येक घमेल्यापुढे ‘संपवलं’ किंवा ‘टाकलं’ असं लिहिते. नऊच्या घमेल्यापुढे दीड महिना रोज ‘संपवलं’ आहे.

आणि दर रविवारी याडीच्या शिलाई मशीनचा टेप घेऊन तिची छाती मोजते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अठ्ठावन्न इंच होती. नाताळात सत्तावन्न. जानेवारीच्या पहिल्या रविवारी साडेछप्पन्न.

मी ते कोणाला सांगितलं नाही. थंडीत तिच्या अंगावर केस वाढतात, लांबून ती गुबगुबीत दिसते. बा लांबून पाहायचा आणि म्हणायचा, भरून राह्यली. पण केसांत बोटं घालून दाबलं की बरगडी लागते. एक एक मोजता येते. मी फोनवर तुला ‘कवडी मस्त आहे’ म्हटलं होतं, तेव्हा ती मस्त नव्हती.

आणखी एक लिहिते. साडेछप्पन्न आलं त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण थोडं हलकंही वाटलं. आठ तारखेला ती जाणार नाही असं वाटलं. त्या संध्याकाळी मी जवस घातलं नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. एवढंच.

त्याच सुमारास सगळा तांडा आपल्या तांबड्या बैलाचं कौतुक करत होता. अंगावर काय चमक आली आहे, पाठीवरून हात घसरतो. हरिसिंगकाका तर रोज थांबून विचारायचे, “लालसिंग, काय देऊन राह्यला रे याले?” बा मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, “काही नाही, हात लागते.” मीही ऐकून हसायचे.

चौदा तारखेला, संक्रांतीला, शाळा होती की नाही ते नक्की नव्हतं. मी नऊला घमेलं ठेवून फाट्यावर गेले. जीप आलीच नाही. अर्ध्या तासाने परत आले.

कवडी कोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती. घमेल्यात तांबड्याचं तोंड होतं, तो तळ चाटत होता. त्याचं दावं लांब आहे, एवढं लांब की तो तिच्यापर्यंत सहज पोचतो. तो शिंगांनी तिला मारतही नव्हता. फक्त पुढे झाला होता आणि ती मागे झाली होती. तिला चावायला वेळ लागतो. एक घमेलं खायला दीड तास लागतो, हे मी नंतर घड्याळ लावून पाहिलं. त्याला दहा मिनिटं लागतात.

मी दीड महिना तांबड्याला हरभरा आणि जवस चारलं.

मी त्याला बाहेर बांधलं, नवीन घमेलं भरलं आणि तिच्यासमोर बसले. ती एक घास घेते, थांबते, मान वर करते, पुन्हा घेते. अकरा वाजेपर्यंत बसले. त्या वेळात माझ्या डोक्यात वही नव्हती. ढाणकी होती.

भिया, येत्या वैशाखात दोन वर्षं होतील. ढाणकीच्या लग्नाच्या पहाटे बाने मला सांगितलं होतं की निघण्याआधी कवडीला भिजवलेला हरभरा आणि दोन बादल्या पाणी दे, दिवसभर ऊन आहे. माझा शेवटच्या वर्षाचा पेपर तिसऱ्या दिवशी होता. मी वाचत वाचत पुस्तकावर झोपले. तू तिला सोडायला आलास तेव्हा मला जाग आली. तू विचारलंस, “अंजू, दिलतं ना?”

मी म्हटलं, “दिलं.”

तू माझ्या शब्दावर तिला घेऊन गेलास. दुपारी डीजेसमोर तिचे पुढचे पाय दुमडले आणि नवरदेव खाली आला. बाने सगळ्या वरातीसमोर तुझ्या कानाखाली मारली. पिऊन आला, घोडी पळवत आणली, म्हणाला. तू माझं नाव घेतलं नाहीस. रात्री घरी आलास तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलंस. मला तेव्हा वाटलं की तुला कळलं आहे. मी पेपर द्यायला गेले. घरातली पहिली पदवी मिळाली, याडीने तांडाभर पेढे वाटले, आणि तोपर्यंत तू चाकणला गेला होतास.

मी शाळेत मुलांना सांगते, प्रयोग केला नसेल तर निष्कर्ष लिहू नका. रिकामं घमेलं पाहून मी ‘संपवलं’ लिहीत होते. आणि ढाणकीच्या पहाटे तोबरा न भरताच ‘दिलं’ म्हटलं.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी बाला दोन्ही सांगितलं. आधी तांबड्याचं. त्यावर तो एवढंच म्हणाला, “मंग हरिसिंगले काय सांगू आता?” याडी हसली. मग मी ढाणकीचं सांगितलं. याडी उठून चुलीकडे गेली. बा घरी आपल्या गोरबोलीत बोलतो, वर त्याचं मीच मराठीत लिहिलं आहे, पण हे वाक्य त्याने का कोण जाणे मराठीत म्हटलं, जसं परक्या माणसाशी बोलावं तसं.

“त्याच्या तोंडाले वास नव्हता. मी जवळच होतो. पण हात उठला होता.”

म्हणजे तू प्यायला नव्हतास हे त्याला त्याच दिवसापासून माहीत होतं. तो कोठ्यातून जुना तोबरा घेऊन आला आणि त्याचा तुटलेला पट्टा शिवत बसला. तोबरा तोंडाला बांधला की दुसरं कोणतंच जनावर तोंड घालू शकत नाही, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

आता लिहायचं राहिलेलं.

शुक्रवारी शाळेतून येताना मी सदाशिवरावांकडे गेले. सकाळीच कोनाड्यातली सुपारी पदराच्या टोकाला बांधून घेतली होती. ते ओसरीवर होते, घरात पाहुणे होते. मी सुपारी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, कवडी येणार नाही.

त्यांनी सुपारीला हात लावला नाही. “लालसिंगनं आजवर कोणाची सुपारी वापस केली नाही,” ते म्हणाले. “त्याले माहीत हाय का?”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग कोणाच्या हुकमानं आली तू?”

“तिला चारते मी.”

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. सदाशिवराव म्हणाले, शिकलेल्या पोरी आता वराती अडवून राह्यल्या, आमच्या गोपालले बसवा ट्रॅक्टरवर. मी सांगितलं की ती भरली नाही म्हणून नाही. ती भरेल, उन्हाळ्यापर्यंत चांगली भरेल. तरी येणार नाही. त्यांची सून कोकिळाबाई आतून आल्या, त्यांनी सुपारी उचलून तबकात ठेवली आणि मला पाणी दिलं. मी पाणी पिऊन निघाले.

बाला मी ते सांगितलं नाही. काल, शनिवारी सकाळी, त्याने दिवा लावताना कोनाड्यात हात घातला. हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्याने दिवा लावला, तोबरा भरला आणि कोठ्यात गेला. शाळेसाठी मी निघाले तेव्हा तो कवडीजवळ पालथ्या बादलीवर बसलेला होता. शेतात गेला नव्हता. आजही नाही.

आज मोजली. साडेछप्पन्नच. चार दिवसांत वाढत नसते, पण उतरली नाही.

तू ये, असं मी लिहिणार नाही. ते म्हणायचा हक्क बाचा आहे आणि तो म्हणेल तेव्हा म्हणेल. तुझ्यावर आलं होतं ते माझं होतं, हे आता बाला, याडीला आणि मैनाबाईलाही माहीत आहे, म्हणजे तांड्याला माहीत आहे. बाने त्या दिवशी काय ओळखलं होतं, ते मी बाहेर कोणाला सांगितलं नाही. फक्त तुला सांगितलं. सुपारी परत गेली आहे. ती पुन्हा कोनाड्यात येणार नाही.

तुझी
अंजू

(आज नऊला दिलं. संपेपर्यंत समोर बसले होते.)