रायफलीसाठी शिफारस

तेलगाव, १२ नोव्हेंबर

चि. अभिमन्यूस आबाचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझे कान गेल्यापासून फोन कामाचा न्हाई, म्हनून तू लिहितोस, बरं वाटतं. पन तुझ्या हातात इन्सास रायफल हाय हे वाचलं आन जेवन गेलं न्हाई. लई बारीक गोळी रे तिची!

पासष्टच्या लढाईत आमाला थ्री-नॉट-थ्री होती. नेम पक्का, पन दर गोळीला बोल्ट ओढायचा. समोरच्यांकडं अमेरिकन गॅरंड, नुसता घोडा दाबत आठ गोळ्या सोडून मोकळे. माझा जोडीदार राधाकिशन बोल्ट ओढता ओढताच गेला. एकाहत्तरला एसएलआर आली. जड, खांद्याला गुद्दे देनारी, पन बोल्टाची कटकट न्हाई, आन गोळी लागलेला उठत नव्हता. तुला तसलीच पायजे.

म्हनून काल मोहनरावांच्या बंगल्यावर गेलतो. इथं पुढाऱ्याच्या चिठ्ठीबिगर ट्रान्सफॉर्मर येत न्हाई, मग रायफल कावून येनार? ‘सदर जवानास जड गोळीची रायफल मिळावी’ अशी शिक्का मारून शिफारस दिली त्यांनी. सोबत जोडली हाय. साहेबाला दाखव, लाजू नको. तुझी आजी मला येडं म्हनती. म्हनू दे.

जिवाला जप, एवढंच मागनं.

तुझा आबा,
शहादेव

मुक्काम लिहायला मनाई, २९ नोव्हेंबर

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी साहेबांना दाखवली न्हाई, पण पोरांनी पाहिली अन् पोट धरून हसली. एक म्हणाला, मोहनरावांना सांग, माझ्या सुट्टीचं बी बघा.

आबा, इन्सास तुमच्या एसएलआरपेक्षा हलकी हाय, चढावर बरी पडते. पण खरं सांगू? इथं आल्यापासून मी ती एकदाबी चालवली न्हाई. समोर माणूसच दिसत न्हाई. डोंगरापल्याडून तोफेचे गोळे येतात, अन् आता ड्रोन. आमी बंकरात डोकं खाली घालून बसतो. परवा शेजारच्या बंकरातले दोघं गेले. त्यांच्या रायफली भिंतीला टेकवलेल्या तशाच होत्या.

आजीला हे वाचून दाखवू नका. तुमची माया असू द्या.

तुमचा,
अभिमन्यू

तेलगाव, ११ डिसेंबर

चि. अभिमन्यूस अ. आ.

तुझी आजी सारखी विचारती, पोरानं काय लिहिलं. मी म्हनलं, खुशाल हाय, थंडी लई हाय म्हनतो.

उभी जवानी फौजेत गेली. दोन्ही रायफली डोळे मिटून खोलायचो, जोडायचो. आन आज तुला सांगायला माझ्याकडं कायबी न्हाई. मोहनरावांकडं पुन्हा निघालो होतो, त्यांच्या फाटकातून माघारी आलो. आता मागू तरी काय?

डोकं लपवनाऱ्याला आमी भेकड म्हनायचो. तरी हा म्हातारा शिपाई तुला सांगतो, आवाज आला की सगळ्यांच्या आधी तू आत घुस. कुनी भेकड म्हनलं तर म्हनू दे. दडून राहा, लेकरा.

उत्तर लवकर दे. नुसतं नाव लिहून धाडलंस तरी चालंल.

तुझा आबा