नकाराचा शिक्का

परभणी, गुरुवार

प्रिय बन्सी,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. आपली थट्टा सुरू झाली की मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र.

आमच्या कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज माझ्याकडे येतात. लिहायचा कंटाळा म्हणून मी एक रबरी शिक्काच करून घेतला होता: ‘माहिती दिल्यास चौकशीस बाधा येईल, सबब अर्ज नामंजूर.’ अर्ज आला की शिक्का आणि शिक्का झाला की चहा. तू म्हणायचास, आदिनाथ, तुझ्या शिक्क्यापुढं देवही हात टेकेल.

पावसाळ्यात म्हाळसाबाईचा अर्ज आला. वालूरकडची, मेंढरं राखणारी बाई. जनावरांसाठी बांधलेल्या नव्या हौदाची भिंत पडून तिचा नवरा रायभान गेला, त्याचा चौकशी अहवाल तिला हवा होता. मी शिक्का मारला. या वेळी आळसानं नाही, अहवाल वाचून मारला.

तिनं अपील केलं. काल सुनावणी झाली. वरिष्ठ मॅडमनी बाईला काही विचारलंच नाही, मला विचारलं. चौकशी तर अर्जाआधीच संपली, मग बाधा कशाला येते? कारण सिद्ध करायचं ते नाकारणाऱ्यानं, मागणाऱ्यानं नाही, म्हणाल्या, आणि कारण लिहायला कोरा कागद पुढं सरकवला. मी तो कोराच परत दिला, आणि त्यांनी प्रत द्यायचा आदेश काढला. माझ्याकडं कारण होतं रे, पण कायद्यात बसणारं नव्हतं.

बाई एवढंच म्हणाली, “सायेब, मला कुणाला धरायचं न्हाई. गाव म्हणायलंय, यानंच मेंढरं भिताडाला रेटली. तेवढं खरं हाय का, सांगा.”

मला फार लाज वाटली. मेलेल्या माणसावरचा तो आळ खोटा आहे, हे मला तीन महिने माहीत होतं.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा आठ दिवस त्यांच्या उशाशी तू बसलास. ते विसरलो असतो, तर तो शिक्का मी मारलाच नसता.

भिंतीत गज नव्हते, बन्सी. आणि काम नीट झाल्याच्या दाखल्यावर इंजिनिअर म्हणून सही तुझी आहे. सोमवारी अकरा वाजता मी प्रत देतोय. म्हाळसाबाईला वाचता येत नाही, तिनं मलाच वाचून दाखवायला सांगितलंय. तू साडेदहाला ये. तिला आधी तूच सांगितलंस, तर मला फक्त वाचावं लागेल.

तुझाच,
आदिनाथ