धुराचा रंग

काळूस, ३ डिसेंबर

चि. सौ. स्वरूपास, अ. उ. आ.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं तुझी आई तिच्या मनाचं सांगते. म्हणून लिहितोय. आपला छोटा ट्रॅक्टर दम सोडतोय. रिकामा पळतो, पण रोटाव्हेटर मातीला टेकला की काळा धूर ओकतो आणि बसतो. डिझेलचा फिल्टर बदलून झाला. साहेबराव मेकॅनिक म्हणाला, दादा, इंजिन म्हातारं झालं, तुमच्यासारखंच. तो हसला; मी नाही हसलो. रविवारी गिऱ्हाईक येतंय. विकून टाकतो, यंदा कांदा लावत नाही. मग आम्ही दोघं पिंपरीला, तुझ्याकडेच. आई माझ्याशी बोलत नाही, भांडी आपटते.

पत्र तुमच्या कंपनीच्या बसवरच्या कोंडीरामकडे देतोय. उत्तराची वाट बघणारा,
दादा

पिंपरी, ४ डिसेंबर

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

दिवसभर मी चाकणला इंजिनं तपासते, आणि घरच्या इंजिनाचं निदान साहेबराव करणार! इंजिन झिजलं असतं तर धूर निळसर आला असता, ऑइल घटलं असतं. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा अपुरी. ट्रॅक्टर बंद ठेवून एअर फिल्टर बघा, मग हवेच्या नळीच्या तोंडापर्यंत सगळी वाट तपासा. गिऱ्हाइकाला चहा पाजा, शब्द देऊ नका.

खोली तुमचीच आहे. पण शेत मनसोक्त करून या, दादा. हरून आलात तर गॅलरीत नुसते रस्ता बघत बसाल, आणि ते मला बघवणार नाही.

आईला आणि तुम्हाला नमस्कार. माझ्यावर रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची स्वरूपा

काळूस, ६ डिसेंबर

चि. सौ. स्वरूपास, अ. उ. आ.

फिल्टर स्वच्छ निघाला. नळीच्या तोंडावर मात्र टोपडं! खंडेनवमीला पूजा झाल्यावर तुझ्या आईनं जुन्या गोधडीचं शिवून बांधलेलं, कंपन्यांच्या ट्रकांची धूळ आत जाऊ नये म्हणून. मीच कौतुक केलं होतं. धुळीनं ते पार लिंपल्यासारखं झालेलं. काढलं, रोटाव्हेटर टेकवला, तर गडी असा गरजला की या बहिऱ्यालाही ऐकू आलं. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलंय. पुढच्या आठवड्यात कांदा लावतो.

आईला खरं कारण सांगितलं नाही. टोपडं का काढलं म्हणून विचारत होती. म्हटलं, ट्रॅक्टरपेक्षा धूळ मलाच जास्त लागते. लगेच सुईदोरा घेऊन बसली, माझ्या मापाचं शिवतेय, नाड्यांसकट.

लागणीला ये. मी ते घालून ट्रॅक्टरवर असेन. हसू नकोस, तिला कळेल.

तुझा,
दादा