पांढऱ्या अक्षरांचे टायर

४ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहिणार.
सकाळी गाडीचं पासिंग. फेल! तपासणाऱ्याने माझ्या पिकअपच्या टायरवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, खलास. टायर पार गुळगुळीत झालेत म्हणे. मला ते ठीकठाक वाटत होते. छोटी हायब्रिड गाडी, पेट्रोल हुंगून चालते, टायरचं कोण बघतं!
संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये रणजितची गाडी बघितली. रणजित म्हणजे इथे दुबईत आमच्याच बिल्डिंगमधला, बायकोचा सांगलीच्या कॉलेजातला मित्र. एकटाच राहतो. गाडी हत्तीएवढी. दर शनिवारी वाळवंटात जातो आणि आल्यावर गाडी धूत नाही. वाळू मुद्दाम ठेवतो. खात्री आहे.
अपूर्वा त्याला 'रण्या' म्हणते. मला 'दर्शन'. लग्नाला इतकी वर्षं होऊन अजून पूर्ण नाव.
हा मत्सर नाही. निरीक्षण आहे.

६ डिसेंबर
दिवसभर टायरचा अभ्यास. निर्णय झाला. ऑल-टेरेन. म्हणजे रस्ता, खडी, चिखल, वाळू, सगळीकडे चालणारे.
अपूर्वाने विचारलं, तू घरून जबल अलीच्या वेअरहाऊसला जातोस आणि परत येतोस, त्यात टेरेन कुठे आलं? मी म्हटलं, स्पीडब्रेकर. ती हसली. पण थोडंच. रणजितच्या जोकवर हसते तेव्हा बराच वेळ चालतं. मध्ये श्वास घ्यायला थांबते.

९ डिसेंबर
अल कूझमधलं टायरचं दुकान. सेल्समन शाहबाज. पेशावरचा, गोड बोलणारा. त्याने आधी साधे रोड टायर दाखवले. हे शांत आहेत, पेट्रोल वाचवतात. मग हलके ऑल-टेरेन. थोडा आवाज, थोडी पकड, छोट्या हायब्रिडला पुरे. मग कोपऱ्यातले जाड, खोल नक्षीचे, कडेला पांढरी अक्षरं असलेले.
शाहबाज म्हणाला, भाईजान, रेत में जाते हो? मी म्हटलं, हर हफ्ते. कसं निघालं तोंडातून कळलं नाही. पण शनिवार दर आठवड्याला येतो, त्या अर्थाने खोटं नाही.
मधलेच घ्या म्हणाला. शहाणा माणूस मधलेच घेईल, हे मलाही कळत होतं. मग मी सहज, अगदी सहज, विचारलं की एका मित्राची अमुक मोठी गाडी आहे, तिला कुठले असतात? त्याने पांढऱ्या अक्षरांकडे बोट दाखवलं.
छोट्या साइझमध्ये होते. घेतले. रुपयांत किती झाले ते मुद्दाम काढलं नाही. पासिंगसुद्धा झालं.

१० डिसेंबर
थोडा आवाज येतो. शाळेत सोडताना पर्णिकाने खिडकीतून वर आकाशात बघितलं आणि विचारलं, बाबा, इज देअर अ हेलिकॉप्टर? मी समजावलं की हा ऑफ-रोड परफॉर्मन्सचा आवाज आहे. तिने हेडफोन लावले.
अपूर्वा म्हणाली, अक्षरं छान आहेत. फक्त अक्षरं.
रणजित भेटला. उकिडवा बसून टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, वा दर्शन, एकदम जबरदस्त चॉइस! इतकं गोड माणूस आतून जळत असेल तरच बोलतो. बिचारा.

१९ डिसेंबर
पेट्रोल जास्त लागतंय. जड टायर, त्याला इलाज नाही. पण मी इलाज काढलाच. हवा वाढवली. टायर कडक म्हणजे गाडी हलकी पळणार. साधं फिजिक्स. पंपावरचा माणूस बस, बस करत होता. मी म्हटलं, और.
आता स्पीडब्रेकरवरून गेलो की दाढा एकमेकींवर आपटतात. सवय होईल.

४ जानेवारी
मराठी मंडळाची संक्रांत यंदा वाळवंटात. सतरा तारखेला. गाड्यांचा ताफा. पुढे कोण, हे विचारायला नकोच.
मीटिंग आमच्याकडे झाली. गुळपोळ्या अपूर्वाकडे, रस्ता रणजितकडे. सगळे गेल्यावर दोघं कॉलेजच्या कँटीनवर बोलत बसले. चहा मी केला. दोनदा.
मी सुचवलं की ताफ्याला मागेही एक जबाबदार गाडी हवी. रणजित लगेच म्हणाला, परफेक्ट, तू शेवटी राहा. म्हणजे उपनेता झालो. हे अपूर्वाला सांगितलं. ती म्हणाली, दर्शन, शेवटची गाडी म्हणजे शेवटची गाडी.

१६ जानेवारी
पर्णिकाने विचारलं, उद्या मी रणजित अंकलच्या गाडीत बसू? मी म्हटलं, इन्शाल्ला. ती म्हणाली, सो दॅट्स अ नो.
बारा वर्षांच्या मुलीला मोठ्यांचं सगळं कळायला लागलंय. आपण ठाम राहायचं. उद्या तिला बापाची गाडी काय करू शकते ते दिसेलच.

१८ जानेवारी
काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
डांबरी रस्ता संपला तिथे सगळे थांबले. रणजितने सगळ्यांना टायरची हवा अर्ध्यावर आणायला सांगितली. स्वतः प्रत्येक गाडीपाशी जाऊन मोजत होता. माझ्याकडे आला. मी म्हटलं, माझं वेगळं सेटिंग आहे. तो म्हणाला, टायर कितीही भारी असू दे, गच्च भरलेला टायर वाळू खोदतच जातो, ऐक माझं. मी म्हटलं, यल्ला, चल, तू हो पुढे.
अपूर्वा शेजारून म्हणाली, काढ ना हवा. मी काढणारही होतो. पण तिने पुढे जोडलं, "रण्या सांगतोय तर."
नाही काढली.
पहिलाच चढ. चढ कसला, उंचवटा. सगळ्या गाड्या गेल्या. एका काकांची जुनी गाडी भजनाची कॅसेट वाजवत गेली. मग मी. अर्ध्यात गाडी थांबली. पाय दाबला. वाळू मागे उडाली आणि आम्ही खाली गेलो. आणखी दाबला. आणखी खाली. आधी नक्षी गेली, मग पांढरी अक्षरं, मग आमचं दारच उघडेना. खिडकीतून बाहेर पडलो. अपूर्वा पैठणी नेसली होती.
पर्णिका चालत वर गेली आणि रणजितच्या शेजारी उभी राहून बघत बसली.
रणजित पळत खाली आला. पांढऱ्या झब्ब्यासकट गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसली, चारही टायरची हवा सोडली. मला म्हणाला, बस, स्टिअरिंग सरळ, ब्रेक नको, हळू. गाडी सुटली. दोरसुद्धा लागला नाही. वरून टाळ्या. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, कळलं नाही. मी हात केला. त्यानेही केला.
तिळगूळ वाटताना तो सगळ्यांना सांगत होता, ती जागाच वाईट आहे, मीसुद्धा तिथे अडकलोय. सरळसरळ खोटं! हसला असता तर मी निभावून नेलं असतं. सांभाळून घेतो म्हणजे काय!
घरी आल्यावर बांगड्या काढता काढता अपूर्वा म्हणाली, "तू नक्की कोणाशी शर्यत लावलीयेस?"
मी म्हटलं, कोणाशीच नाही.
"कॉलेजात असताना त्याची आई गेली तेव्हा मी त्याला डबा द्यायचे. एवढंच आहे ते. आणि तुझ्यासाठी नोकरी सोडून मी इथे आले. ते कधी दिसतं का तुला?"
मी म्हटलं, दिसतं. ती बांगड्या घेऊन आत गेली.
डब्याचं आधी कधी सांगितलं नव्हतं. डब्यात काय असायचं?

२५ जानेवारी
मोठी बातमी. रणजितची दूर रुवैसला बदली! रिफायनरीत. मोठी गाडी विकतोय. तिथे रोजचं खूप ड्रायव्हिंग, पेट्रोल परवडणार नाही. त्याला माझ्यासारखी छोटी हायब्रिड पिकअप हवी आहे. सल्ला विचारायला आला. मला!
बॅटरी, मायलेज, मागचा हौदा, सगळं समजावलं. अपूर्वा सोफ्यावर झोपून गेली तरी मी बोलत होतो, तो ऐकत होता.
जाणार म्हणून थोडं वाईट वाटतंय का, ते तपासून पाहिलं. नाही वाटत.

३ फेब्रुवारी
रणजितने गाडी घेतली. मॉडेल तेच, रंगही तोच, राखाडी. म्हणाला, तुझी बघूनच घेतली. ही तर कबुलीच.
कंपनीचे रोड टायर आहेत तिला. लिवाचं वाळवंट तिथून जवळ, म्हणून हे काढून ऑल-टेरेन घालतो म्हणाला. माझ्या डोक्यात वीज चमकली. हेलिकॉप्टर, पेट्रोल, दाढा. मी शांतपणे म्हटलं, माझे घे, तुझे मला दे.
तो म्हणाला, अरे, किती हौसेने घेतलेस तू! मी म्हटलं, मित्रासाठी एवढंही करायचं नाही का. त्याने मला मिठी मारली. त्याचे कोरे करकरीत, माझे दोन महिने वापरलेले. आयुष्यात पहिल्यांदा रणजितवर निखळ विजय!
अपूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मला वाटलं नव्हतं तू असं करशील. गैरसमज चांगला असेल तर दूर कशाला करा.

५ फेब्रुवारी
गाडीत शांतता. शाळेच्या रस्त्यावर पर्णिका काहीतरी गुणगुणत होती. तिला गाता येतं हे विसरलोच होतो. आज हेडफोन नव्हते. ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचलो, मुद्दाम लांबून गेलो म्हणून.
सुखी आहे. खरंच.

८ फेब्रुवारी
रणजितचा सेंड-ऑफ. त्याच वाळवंटात, संध्याकाळचा चहा. बिल्डिंगमधले सगळे. आमची गाडी डांबरावरच ठेवली, रोड टायर म्हणून. मी थर्मास सांभाळला.
रणजितने हवा सोडली आणि तोच चढ चढला. माझ्यासारख्या गाडीतून, माझ्या टायरवर. शेजारी पर्णिका, खिडकीबाहेर दोन्ही हात काढून ओरडत. खाली आला तर सगळे टायरभोवती. काय झकास टायर आहेत! अक्षरं बघा! कुठून घेतलेस? त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, दर्शनचे आहेत. सगळे हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.
अपूर्वाही बघत होती. म्हणाली, आपल्या गाडीला होते तेव्हा एवढे उठून दिसत नव्हते, नाही?
मी रणजितला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, टायरची परत अदलाबदल करायची झाली तर? वाटलं, का-कू करेल. तो लगेच म्हणाला, घे ना, उद्या सकाळीच जाऊ शाहबाजकडे. कपाळावर एक आठी नाही. मग मलाच नको म्हणावं लागलं. म्हणजे टायरही त्याचे आणि मोठं मनही त्याचंच.
अपूर्वाने त्याला बजावलंय, वीकेंडला दुबईत आलास की आमच्याकडेच उतरायचं. तो हो म्हणाला.
निघेपर्यंत अंधार पडला, सगळ्या गाड्या डांबरावर आल्या. मी कप गोळा केले, सगळ्यांच्या आधी जाऊन गाडीत बसलो, सीटबेल्ट लावला आणि वाट बघू लागलो. बऱ्याच वेळाने पर्णिका आली, काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, बाबा, धिस इज रणजित अंकल्स कार.