सुरेशभाईंचा हात

बडोदे, गुरुवार, संध्याकाळी

आज माझ्या प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यांचं लक्ष लागलं. नोकरीत पहिल्यांदाच. आनंद व्हायला हवा होता.

सावली गावातल्या कारखान्यात दर महिन्याला मी कामगारांपुढे सुरक्षेवर बोलतो आणि ते मोबाइल बघतात. आजही तेच चाललं होतं. शेवटी मॅनेजर मेहताभाई उठून पुढे आले. "कुलकर्णी, असं वाचून दाखवलं तर कोण ऐकणार? सुरेशभाई, जरा आगळ आवो ने. हाथ बतावो बधाने."

प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेल्यापासून सुरेशभाई उजवा हात खिशातच ठेवतात. तो त्यांनी बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला. सगळे मोबाइल खाली गेले. मग दोन-तीन परत वर आले, फोटो काढायला. आणि मी काय केलं? माइक धरून उभा राहिलो.

"जोयुं ने, पाहिलंस ना? याला म्हणतात प्रेझेंटेशन," मेहताभाई खूश होते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्यातही यांना घेऊन जा, म्हणाले.

बाहेर सुरेशभाईंनी मला मराठीत हळूच विचारलं, "साहेब, आता दर वेळी दाखवावा लागेल का?" हात परत खिशात गेला होता.

त्या प्रेसला संरक्षक जाळी अजून बसवलेली नाही. ती मागणी माझ्या शेवटच्या स्लाइडवर होती. ती स्लाइड लावायच्या आत नाश्ता आला आणि सगळे उठले.